आडवं काय, उभं काय

आईला दवाखान्यातून घरी आणलं त्या रात्री मी तिच्या औषधांचा कागद करायला बसले. सात औषधं होती. एक सकाळी उठल्याउठल्या उपाशीपोटी, रक्तदाबाची सकाळी, रक्त पातळ ठेवणारी रात्री, एक दिवसातून दोनदा, एक तीनदा, एक झोपेची आणि एक दिवसाआड. डॉक्टरांचं अक्षर मला लागत होतं, तिला लागणार नव्हतं. म्हणून वर्ड उघडलं, औषधाचं नाव टाइप केलं, स्पेसबार दाबत दाबत कर्सर उजवीकडे नेला आणि 'सकाळ'च्या खाली १ लिहिला. पुन्हा स्पेस, पुन्हा स्पेस, मग 'रात्र'च्या खाली १. दिवसभर ऑफिसात माझं हेच काम असतं. अहवाल, इतिवृत्तं, याद्या. दुसऱ्या कुणी स्पेस मारून रकाने पाडलेले दिसले तर मी आधी ते दुरुस्त करते. पण चार रात्रींचं जागरण अंगावर होतं आणि पडद्यावर सगळं सरळ रेषेत दिसत होतं. फाइल भावाला पाठवली आणि आडवी झाले.

सकाळी भावाने प्रिंट आणून दिली. आईने चष्मा लावला, कागदावर बोट ठेवलं आणि एकेक ओळ वाचत खाली आली. मधेच थांबून म्हणाली, "अगं, ही झोपेची गोळी दुपारी घ्यायची?"

मी कागद हातात घेतला. झोपेच्या गोळीसमोरचा १ रात्रीच्या खालून सरकून दुपारच्या खाली आला होता. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा १ दुपार आणि रात्र यांच्या मध्ये कुठेतरी उभा होता, कुणाचाच नसल्यासारखा. आईने विचारलं म्हणून कळलं. तिने विचारलं नसतं तर, हा विचार अजूनही कधीकधी रात्री येतो.

झालं होतं ते अगदी साधं. भावाच्या कॉम्प्युटरवर माझा फाँट नव्हता, म्हणून त्याच्या जागी दुसरा लागला. दुसऱ्या फाँटमध्ये अक्षरांची रुंदी वेगळी आणि स्पेसचीही वेगळी. छापील फाँटमध्ये प्रत्येक अक्षराला त्याच्या अंगाप्रमाणे जागा मिळते. 'र' किडकिडीत, 'क्ष' ऐसपैस. औषधाचं नाव लांब असेल तर पुढच्या स्पेस आपण कमी मारतो, आखूड असेल तर जास्त, आणि नजरेच्या अंदाजाने सगळं एका रेषेत आणतो. तो अंदाज त्या एका फाँटपुरता, त्या एका आकारापुरता खरा असतो. जुन्या टाइपरायटरवर गाडी दर ठोक्याला ठरावीक अंतरच सरकायची, तिथे स्पेस मोजून रकाने पाडणं चालून जायचं. बोटांची ती सवय पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली आहे. टाइपरायटर कधी न पाहिलेल्या मुलांच्या बोटांतही मी ती पाहते.

खरं तर टाइपरायटरवरही जाणत्या लोकांनी स्पेस मोजणं सोडून दिलं होतं. टॅब्युलेटर नावाची सोय त्यासाठीच आली. पट्टीवर हव्या त्या जागी अडसर लावायचे आणि कळ दाबली की गाडी सुटून थेट पुढच्या अडसराला जाऊन थांबायची. आपल्या कीबोर्डवरची टॅब ही त्याच टॅब्युलेटरची आखूड सही. त्या रात्री मी निदान टॅब वापरला असता तरी तो १ आपल्या जागी राहिला असता, कारण टॅबचं अंतर समासापासून मोजलं जातं, आधीची अक्षरं किती रुंद आहेत यावर ते ठरत नाही. पण टॅबलाही मर्यादा आहे. एखाद्या रकान्यातला मजकूर लांबला आणि दुसऱ्या ओळीवर गेला, की तो आपल्या रकान्याखाली न जाता थेट पानाच्या डाव्या कडेला, पहिल्या रकान्याखाली जाऊन बसतो. टॅबला ओळ कळते, रकाना कळत नाही. रकाना कळण्यासाठी मजकुराला चार भिंती लागतात, आणि त्या भिंती म्हणजे टेबल.

मी त्याच सकाळी नवी फाइल उघडली. 'इन्सर्ट'मध्ये 'टेबल'वर टिचकी मारली की छोट्या चौकोनांची जाळी उघडते, आडवे दहा, उभे आठ. त्यावरून नुसता माउस फिरवला की चौकोन रंगत जातात आणि पानावर तेवढं टेबल उमटलेलं दिसू लागतं. पाच आडवे, आठ उभे असे धरून टिचकी मारली. पाच कॉलम, आठ ओळी. पहिल्या ओळीत मथळे, खाली सात औषधं. कर्सर पहिल्या घरात लुकलुकत होता.

या जागी मला दर वेळी बरं वाटतं. पान कोरं असतं तेव्हा कुठून सुरू करायचं ते कळत नाही. घरं आखलेली असली की पुढचा शब्द कुठे जाणार ते ठरलेलं असतं. टॅब दाबला की कर्सर पुढच्या घरात, शिफ्ट धरून टॅब दाबला की मागच्या घरात. ओळ संपली की आपोआप खालच्या ओळीच्या पहिल्या घरात. आणि अगदी शेवटच्या घरात असताना टॅब दाबला तर खाली एक नवीन ओळ तयार होते. किती ओळी लागतील याचा हिशोब आधी करावा लागत नाही. माझ्याकडे नव्याने येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी हे एवढंच दाखवते. माउस बाजूला ठेवून पाच मिनिटं नुसतं टॅबवर चालायला लावते. त्यानंतर टेबलची धास्ती उरत नाही.

धास्ती असते खरी. टेबल म्हणजे काहीतरी हट्टी, धरायला जावं तर सुटणारं, असं पुष्कळांना वाटतं. त्यातला निम्मा गोंधळ दोन कळींमुळे होतो. सगळं टेबल निवडून डिलीट दाबलं तर आतला मजकूर जातो आणि रिकामी चौकट तशीच उभी राहते. बॅकस्पेस दाबलं तर चौकटीसकट सगळं जातं. एकदा हा फरक लक्षात आला की मन शांत होतं. दुसरा घोळ घराच्या आत टॅब हवा असेल तेव्हाचा. नुसता टॅब पुढच्या घरात नेतो, तिथे कंट्रोल धरून टॅब दाबावा लागतो. बाकीचं हाताला हळूहळू येतं.

आपल्या भाषेत या वस्तूला दोन जुनी नावं आहेत आणि मला दोन्ही आवडतात. तक्ता हा शब्द फारसीतल्या तख्त्यावरून आला, त्याचा अर्थ फळी. इंग्रजी टेबलमागच्या लॅटिन 'टॅब्युला'चा अर्थही फळीच. दोन्हीकडे माणसांनी फळीवर काहीतरी आखून लिहिलं आणि फळीचंच नाव मजकुराला चिकटलं. कोष्टक मात्र वेगळ्या घरातलं. कोष्ठ म्हणजे कोठी, धान्य साठवायची बंद खोली. टेबलातल्या घराला इंग्रजीत सेल म्हणतात, त्या शब्दामागेही लॅटिनमधली छोटी खोलीच आहे. तक्ता म्हटलं की मला सगळी फळी एकदम दिसते, कोष्टक म्हटलं की एकेक खोली. आणि रकाना हा शब्द तर कुठून का आलेला असेना, त्यात पेन हातात धरून डोकं खाली घालून भरणारं माणूस दिसतं.

तर पहिलं टेबल झालं. डाव्या कॉलममध्ये सात औषधांची नावं, मथळ्यांच्या ओळीत 'उठल्यावर', 'सकाळी', 'दुपारी', 'रात्री'. जिथे गोळी घ्यायची तिथे १. आता काही सरकण्याची भीती नव्हती. मी प्रिंट काढून आईच्या हातात दिली आणि तिचं बोट पुन्हा कागदावर फिरायला लागलं. सकाळच्या कॉलमवर बोट ठेवून ती खाली आली, १ सापडला, मग तिथून डावीकडे औषधाचं नाव गाठायला निघाली आणि वाटेत एक ओळ चुकली. पुन्हा वर गेली. पुन्हा खाली. तिसऱ्यांदा तिने कागद मांडीवर ठेवला.

"मला औषधांची नावं नकोत गं. सकाळी उठले की काय घ्यायचं तेवढं सांग."

मी डॉक्टरांच्या कागदाच्या क्रमाने विचार केला होता. डॉक्टर औषधाकडून वेळेकडे जातात. हे औषध, दिवसातून इतक्या वेळा. कागदावर ते एक-शून्य-एक असं लिहितात, म्हणजे एका ओळीचं टेबलच ते. औषध आणणाऱ्यालाही तोच क्रम हवा असतो. पण ज्याला गोळ्या घ्यायच्या आहेत तो वेळेकडून औषधाकडे जातो. सकाळ झाली, आता काय? माझं टेबल बिनचूक होतं आणि तिच्यासाठी उलटं होतं.

मग मी घरं मोजली. सात औषधं, चार वेळा, अठ्ठावीस घरं. त्यातली भरलेली दहा. अठरा घरं रिकामी, आणि त्या रिकाम्या घरांतून वाट काढत तिला त्या दहा घरांपर्यंत पोहोचायचं होतं. दिवसाआडच्या गोळीला तर त्या मांडणीत नीट जागाच नव्हती. सकाळच्या घरात १ लिहून पुढे बारीक अक्षरात 'एक दिवस सोडून' असं कोंबलं होतं.

दुसऱ्यांदा मांडलं ते असं. दिवसभरात दहा वेळा गोळी उचलायची, तर दहा ओळी. उठल्यावर एक, सकाळी चार, दुपारी एक, रात्री चार. कॉलम चार: वेळ, गोळी, ती कशी दिसते, आणि घेतली की खूण करायला मोकळी जागा. गोळीच्या नावापेक्षा 'छोटी गुलाबी, गोल' हे तिला लगेच कळतं, म्हणून तो कॉलम. दिवसाआडच्या गोळीची स्वतंत्र ओळ झाली आणि तिच्यात 'एक दिवस सोडून' हे मोठ्या अक्षरात मावलं. आता आईचं बोट फक्त खाली येत होतं. एक ओळ पूर्ण वाचली की एक काम पूर्ण.

एवढ्या वर्षांत मी शेकडो टेबलं केली असतील, पण आडवं काय आणि उभं काय हा प्रश्न मी स्वतःला धडपणे पहिल्यांदा त्या दिवशी विचारला. तोवर समोर येईल ती मांडणी उचलायची, घरं भरायची, रेघा नीट करायच्या, असं चालायचं. टेबल आखताना किती कॉलम आणि किती ओळी एवढंच प्रोग्रॅम विचारतो. ओळ कशाची, हे तो विचारत नाही. ते आपण ठरवायचं असतं, आणि ते ठरवताना कोण वाचणार, कुठल्या टोकाकडून वाचत येणार, हे डोळ्यांपुढे आणावं लागतं.

रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने १८६९ साली मूलद्रव्यांची सारणी पहिल्यांदा मांडली, तेव्हा एका कुळातली, म्हणजे सारख्या गुणांची, मूलद्रव्यं आडव्या ओळीत होती. लिथियम, सोडियम, पोटॅशियम एकापुढे एक. आज शाळेच्या भिंतीवर ती एकाखाली एक असतात. हा फिरवाफिरवीचा उद्योग त्याने स्वतःच केला. १८७१च्या सारणीत कुळं उभी झाली. मूलद्रव्यं तीच होती, फक्त पान वळवलं होतं. आणि त्या १८६९च्या कागदावर काही घरांत मूलद्रव्याच्या जागी प्रश्नचिन्ह आहे, पुढे अंदाजाचा अणुभार: ४५, ६८, ७०, १८०. त्यातल्या ६८च्या जागी बसणारं गॅलियम १८७५मध्ये सापडलं, ४५च्या जागचं स्कँडियम १८७९मध्ये, ७०च्या जागचं जर्मेनियम १८८६मध्ये. नुसती यादी केली असती तर काय हवं होतं आणि मिळालं नाही हे दिसलंच नसतं. यादीत राहून गेलेली गोष्ट मागे काहीच सोडत नाही. कोष्टकात तिची खोली रिकामी दिसते.

म्हणूनच रिकाम्या घराबद्दल मी आता फार काटेकोर झाले आहे. रिकामं घर पाहून वाचणाऱ्याला कळायला हवं की इथे काही नाहीच, की असायला हवं होतं आणि अजून मिळालं नाही, की लिहिणारी विसरली. काहीच नसेल तर मी आडवी रेघ देते. अजून यायचं असेल तर तसं लिहिते. नुसतं कोरं घर मी फक्त कुणाच्या तरी पेनासाठी सोडते. ऑफिसात एकदा याच मुद्द्यावरून बराच वेळ गेला होता. एका अहवालात तीन घरं कोरी राहिली आणि वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ती शून्य धरली, निम्म्यांनी माहिती नाही असं धरलं. दोन्ही बाजूंनी सरासरी वेगळी.

बाबिलोनियातली एक मातीची पाटी आहे, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ठेवलेली, प्लिम्पटन ३२२ या क्रमांकाने ओळखली जाते. ख्रिस्तपूर्व १८००च्या आसपासची, तळहातापेक्षा थोडी मोठी, १३ सेंटिमीटर रुंद आणि ९ सेंटिमीटर उंच. तिच्यावर काटकोन त्रिकोणाच्या बाजूंशी जुळणाऱ्या आकड्यांचं कोष्टक आहे. चार कॉलम, पंधरा ओळी, डावीकडची कड तुटलेली. मला त्यातलं गणित जेवढं भारावून टाकत नाही तेवढी मांडणी टाकते. वर मथळ्यांची ओळ आहे. कॉलमांच्या मध्ये उभ्या रेघा आहेत. शेवटच्या कॉलममध्ये ओळींचे क्रमांक आहेत, एक, दोन, तीन. ओल्या मातीवर बोरूने लिहिणाऱ्या त्या माणसाने जे जे केलं ते सगळं मी रोज करते. आणि त्या उभ्या रेघा पाटीच्या कडेवरून मागच्या बाजूलाही गेल्या आहेत. मागची बाजू कोरी आहे. पुढच्या ओळींसाठी जागा आखून ठेवली होती, भरायची राहिली.

रेघांवरून आठवलं. टेबल केलं की प्रोग्रॅम प्रत्येक घराला चारही बाजूंनी काळी रेघ देतो आणि बहुतेक लोक ती तशीच ठेवतात. मला त्यातून मजकूर गजांआड बसल्यासारखा वाटतो. मी उभ्या रेघा सहसा काढून टाकते. मथळ्याखाली एक, सगळ्यात शेवटी एक, आणि ओळी दाट असतील तर मध्ये फिकट रेघा. कॉलम सरळ असले की उभ्या रेघेचं काम मधली मोकळी जागाच करते. रेघा काढल्यावर घरं दिसेनाशी झाली तर 'व्ह्यू ग्रिडलाइन्स' चालू करावं, पडद्यावर तुटक रेषा दिसतात आणि छापताना येत नाहीत. आकडे असतील तर उजवीकडे टेकवावेत, म्हणजे एककाखाली एकक आणि दशकाखाली दशक येतं. हे आपण पाटीवर बेरीज शिकलो तेव्हाच शिकलो होतो, कॉम्प्युटरवर आल्यावर विसरतो आणि सगळं मध्यभागी आणतो. मध्यभागी आणलेल्या आकड्यांत ९८ आणि १०२० यांतला मोठा कोणता हे नजरेला पटकन कळत नाही, वाचावं लागतं.

देवनागरीत लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र जपायला हवी. टेबलातल्या ओळीची उंची ठरवताना 'एक्झॅक्टली' निवडलं की आकडा जेवढा दिला तेवढीच उंची राहते, आत काहीही असो. रोमन अक्षरं त्यात बसूनही जातात. आपली अक्षरं रेघेच्या वरही राहतात आणि खालीही. वेलांटी, रफार, मात्रा वर, उकार खाली. आईच्या टेबलात मी सगळं एका पानावर बसवायच्या नादात उंची अशी घट्ट केली आणि 'दुपारी'च्या उकाराचं टोक उडालं. 'अॅट लीस्ट' ठेवलं की ओळ निदान तेवढी राहते आणि गरज पडली की वाढते. मराठीसाठी तेच बरं.

टेबल पानाबाहेर लांबलं तर दोन गोष्टी मी न चुकता करते. मथळ्याच्या ओळीत कर्सर ठेवून 'रिपीट हेडर रोज' दाबते, म्हणजे पुढच्या प्रत्येक पानावर मथळे पुन्हा येतात. आणि ओळ पानाच्या शेवटी अर्धी तुटू नये म्हणून टेबलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'अलाउ रो टू ब्रेक अक्रॉस पेजेस'ची खूण काढते. औषधाचं नाव एका पानावर आणि 'एक दिवस सोडून' दुसऱ्या पानावर, असं कधीच होऊ नये.

पहिल्या प्रिंटच्या मागून एक कोरं पान निघालं होतं, त्याचंही कारण सांगण्यासारखं आहे. वर्डमध्ये टेबल हे दस्तऐवजाचं शेवटचं टोक असू शकत नाही. त्याच्यानंतर एक रिकामा परिच्छेद असतोच आणि तो पुसता येत नाही. टेबलने पान काठोकाठ भरलं की तो परिच्छेद पुढच्या पानावर ढकलला जातो आणि प्रिंटर इमानाने तेही पान काढतो. त्या परिच्छेदाचा फाँट १ आकाराचा केला आणि त्याच्या आगेमागचं अंतर शून्य केलं की बहुतेक वेळा तो मागच्या पानावर येऊन बसतो.

आमच्या ऑफिसात एक सहकारी आहेत, त्यांना दिसत नाही. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, लावून ते सगळं काम करतात. मी नवीन होते तेव्हा त्यांना एक वेळापत्रक पाठवलं होतं, सुबक, भरपूर घरं एकत्र करून केलेलं. त्यांनी मला शेजारी बसवलं आणि एक हेडफोन माझ्या कानाला लावला. कंट्रोल आणि ऑल्ट धरून ते बाणांनी एकेका घरात जात होते. आवाज सांगत होता, ओळ दोन, कॉलम तीन, मग मजकूर. सरळ घरांत सगळं छान चाललं होतं. मग मी एकत्र केलेल्या घरांचा भाग आला आणि आवाज कॉलम दोनवरून एकदम पाचवर गेला, खाली गेलो तर वरचाच मजकूर पुन्हा आला. ते म्हणाले, "मॅडम, तुम्हाला एक मोठं घर दिसतं. मला इथे जिना तुटलेला आहे."

मी त्यांना घाबरत विचारलं की लोक स्पेस मारून टेबल करतात ते कसं ऐकू येतं. त्यांनी जुनी एक फाइल काढून ऐकवली. वरचे सगळे मथळे एका दमात, मग सगळे आकडे एका दमात. कुठला आकडा कुठल्या मथळ्याचा, काही पत्ता नाही. याच्या उलट, आर्यभटाने इ.स. ४९९च्या सुमारास 'ज्या'च्या, म्हणजे आजच्या त्रिकोणमितीतल्या साइनच्या, कोष्टकातले लागोपाठच्या आकड्यांमधले २४ फरक अक्षरांना आकडे ठरवून एकाच श्लोकात बांधले. मखि म्हणजे २२५, भखि म्हणजे २२४, फखि म्हणजे २२२. म म्हणजे २५ आणि खि म्हणजे २००. तिथे एकही रेघ नाही, पण क्रम इतका पक्का की ऐकणाऱ्याला कितवा आकडा ते बोटांवर धरता येतं. कानासाठीचं कोष्टक असं करावं लागतं. स्पेस मारलेल्या टेबलात तो क्रमच नसतो, फक्त डोळ्याला तसं वाटतं.

म्हणून आईच्या टेबलात 'सकाळी' हे चार ओळींत चार वेळा लिहिलं. चारही घरं एकत्र करून मधोमध एकदाच 'सकाळी' लिहिण्याचा मोह झाला होता, दिसायलाही ते देखणं दिसलं असतं. पण एकत्र केलेल्या घरांमधून ओळ काढणं, हलवणं अवघड जातं, आणि हे टेबल बदलत राहणार हे मला माहीत होतं. सुट्या ओळी असल्या की ऑल्ट आणि शिफ्ट धरून बाणाने ओळ उचलून वरखाली नेता येते. रक्तदाबाची गोळी नंतर डॉक्टरांनी सकाळची रात्री केली तेव्हा कर्सर त्या ओळीत ठेवून मी ती तशीच खाली नेली आणि एक शब्द बदलला.

तीन आठवड्यांनी तीनदा घ्यायचं औषध बंद झालं. दहाच्या सात ओळी राहिल्या आणि 'दुपारी' हा शब्द टेबलातून गेला. आईला तेवढ्यानेच बरं वाटलं. म्हणाली, दुपार माझी सुटली. पुढच्या वेळी जुना कागद परत घेतला तेव्हा उजवीकडच्या शेवटच्या रेघेबाहेर, समासात, तिने पेनाने काही लिहिलेलं दिसलं. 'साडेपाच.' त्याखाली 'चार.' त्याखाली 'सहा, एकदा जाग.' झोपेचे तास होते ते. तिला कुणी विचारलं नव्हतं. मी टेबलला पाचवा कॉलम जोडला आणि वर 'झोप' असं लिहिलं. तो कागद डॉक्टरांनी पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि पुढच्या खेपेला झोपेची गोळी थांबवली. दिवसाआडचीही थांबली.

आता पाच ओळी आहेत. रविवारी मी नवी प्रिंट काढायच्या आधी तिला पडद्यावर दाखवली. ती माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"खाली एक ओळ मोकळी ठेव."

"कशाला? औषधं संपली ना तेवढी."

"असू दे गं. काही लिहावंसं वाटलं तर."

मी कर्सर शेवटच्या घरात नेला आणि टॅब दाबला.